दोन चालींची उधारी: रोटलेवी–रुबिन्स्टाइन डाव आणि टाराश बचाव, पटावर मांडून

बुद्धिबळाचा पट मांडा, मोहरी लावा, शेजारी वही-पेन ठेवा. हा डाव नुसता डोळ्यांनी वाचला तर शेवटची आतषबाजी लक्षात राहते आणि कामाचा भाग निसटतो.

डाव १९०७ सालचा, लोड्झ शहरातल्या स्पर्धेतला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. पांढरी मोहरी गेऑर्ग रोटलेवीकडे, काळी अकिबा रुबिन्स्टाइनकडे. २५ चालींत संपलेला हा डाव ‘रुबिन्स्टाइनचा अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. काळ्याने वजीर दिला, दोन्ही हत्ती माऱ्यात ठेवले आणि जिंकला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो बळी शक्य झाला दहाव्या ते चौदाव्या चालींमध्ये. तिथे पांढऱ्याने दोन चाली फुकट घालवल्या. त्या कुठे गेल्या हे बोटांवर मोजता येते. ही मोजणी यायला लागली की ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) पाठ केलेल्या चालींना पहिल्यांदा अर्थ येतो.

लिहिण्याची पद्धत नेहमीचीच. नुसते घराचे नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारले, + म्हणजे शह, ! म्हणजे जोरदार चाल, आकड्यानंतर तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल. पांढऱ्याची चाल आधी, काळ्याची नंतर.

आधी अख्खा डाव एकदा

न थांबता, दहा मिनिटांत, सगळ्या चाली पटावर खेळून घ्या. या फेरीत विश्लेषण नको. डोळ्यांना स्थितीची ओळख होऊ द्या.

१. डी४ डी५
२. घोडा एफ३ ई६
३. ई३ सी५
४. सी४ घोडा सी६
५. घोडा सी३ घोडा एफ६
६. डी×सी५ उंट ×सी५
७. ए३ ए६
८. बी४ उंट डी६
९. उंट बी२ कॅसलिंग (राजाच्या बाजूला)
१०. वजीर डी२ वजीर ई७
११. उंट डी३ डी×सी४
१२. उंट ×सी४ बी५
१३. उंट डी३ हत्ती डी८
१४. वजीर ई२ उंट बी७
१५. कॅसलिंग (राजाच्या बाजूला) घोडा ई५
१६. घोडा ×ई५ उंट ×ई५
१७. एफ४ उंट सी७
१८. ई४ हत्ती एसी८
१९. ई५ उंट बी६+
२०. राजा एच१ घोडा जी४
२१. उंट ई४ वजीर एच४
२२. जी३ हत्ती ×सी३
२३. जी×एच४ हत्ती डी२
२४. वजीर ×डी२ उंट ×ई४+
२५. वजीर जी२ हत्ती एच३, पांढऱ्याने डाव सोडला.

अठराव्या चालीतला ‘हत्ती एसी८’ म्हणजे ए-फाइलवरचा (ए या उभ्या रांगेतला) हत्ती सी८वर. डी८वरचा हत्ती जागेवरच राहतो. इथे चूक झाली तर पुढचे काहीच जुळत नाही, म्हणून १८व्या चालीनंतर पट एकदा पडताळून पाहा: काळ्याचे हत्ती सी८ आणि डी८वर, उंट बी७ आणि सी७वर, घोडा एफ६वर, वजीर ई७वर.

सुरुवात: दोघेही कशाची वाट पाहत होते

पहिल्या पाच चालींत दोन्ही बाजू आरशासारख्या उभ्या राहतात. डी आणि सी फाइलवर चार प्यादी एकमेकांना भिडलेली, चारही घोडे नैसर्गिक घरांवर. या ताणाचे नियम टाराश बचावाच्या (काळ्याची डी५, ई६, सी५ ही मांडणी; तिच्याबद्दल पुढे) सगळ्या शाखांमध्ये उपयोगी पडतात.

काळ्याच्या सी५ प्याद्याला एफ८च्या उंटाचा जोर (राखण) आहे. पांढऱ्याने डी×सी५ केले की काळा उंटाने परत मारतो आणि मारता मारता उंट बाहेर काढतो. तो उंट आधीच ई७ किंवा डी६वर आलेला असता तर सी५वर मारताना त्याची दुसरी चाल खर्च झाली असती. म्हणून पांढऱ्याने सी५चे प्यादे उंट घरी असताना मारू नये, तो हलल्यावर मारावे. काळ्याच्या बाजूनेही हाच नियम: पांढऱ्याचा एफ१चा उंट हलेपर्यंत सी४चे प्यादे मारू नये. थोडक्यात, ज्याचा उंट आधी हलेल त्याची एक चाल जाते. त्यामुळे दोघेही ए३, ए६ अशा उपयोगी पण तटस्थ चाली खेळत थांबतात.

रोटलेवीने सहाव्या चालीलाच सी५ मारले आणि काळ्याचा उंट एका चालीत बाहेर आला. बी४ खेळून त्याने तो पुन्हा हलवायला लावला, त्यामुळे तोपर्यंतचा हिशेब बरोबरीत सुटला. अडचण पुढे आहे.

१०. वजीर डी२: इथे थांबा

ही चाल वहीत अधोरेखित करा आणि पुढे वाचण्याआधी पाच मिनिटे विचार करा: पांढऱ्याला काय हवे आहे, आणि वजिरासाठी डी२ हे घर कसे?

हवे आहे ते उघड आहे. डी५वर दाब वाढवून ते प्यादे मारायचे. रुबिन्स्टाइनने त्याकडे लक्षच दिले नाही आणि १०...वजीर ई७ खेळला. आता पांढऱ्याने प्यादे खाऊन पाहा: ११. सी×डी५ ई×डी५ १२. घोडा ×डी५ घोडा ×डी५ १३. वजीर ×डी५ हत्ती डी८. पांढऱ्याचा वजीर डी५वर, काळ्याचा हत्ती डी८वर आणि दोघांच्या मध्ये काळ्याचाच उंट डी६वर. तो उंट बी४वर मारेल तेव्हा ई१च्या राजाला शह बसेल आणि त्याच क्षणी हत्तीचा मारा वजिरावर उघडेल. म्हणजे वजिराला लगेच पळावे लागते. काळा नंतर उंट ई६ खेळतो. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त, पण राजा मध्यभागी अडकलेला आणि राजाच्या बाजूची मोहरी घरात. एका प्याद्याचा हा भरपूर मोबदला आहे.

म्हणजे धमकी खरी नव्हती आणि वजीर मात्र चुकीच्या घरावर बसला. डी फाइल लवकरच उघडणार हे दिसत असताना त्याच फाइलवर वजीर ठेवणे म्हणजे समोरच्याच्या हत्तीला आयती चाल देणे. १०. सी×डी५ ई×डी५ करून उंट ई२, कॅसलिंग असे खेळले असते तर काळ्याकडे एकटे पडलेले डी५ प्यादे राहिले असते आणि पांढऱ्याचा खेळ निर्धोक होता. १०. वजीर सी२ हाही विचार करण्याजोगा पर्याय.

११. उंट डी३ ही दुसरी चूक, आणि स्पर्धांमध्ये रोज दिसणारी. ‘मोहरा बाहेर काढला’ म्हणून ती बरोबर वाटते. पण वर सांगितलेला नियम आठवा: काळा याच क्षणाची वाट पाहत होता. ११...डी×सी४ १२. उंट ×सी४ बी५ १३. उंट डी३. एक उंट, तीन चाली, आणि तो परत डी३वरच. मग १३...हत्ती डी८, आणि डी फाइलवरच्या वजिराला १४. वजीर ई२ करून हटावे लागले.

मोजणी: वहीत करायची ती हीच

पंधराव्या चालीला पांढऱ्याने कॅसलिंग केल्यावर पट गोठवा आणि दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. पांढरा: ए३, बी४, ई३ प्यादी, घोडे सी३, एफ३, उंट बी२, डी३, वजीर ई२, राजा जी१. काळा: ए६, बी५, ई६ प्यादी; घोडे सी६, एफ६; उंट बी७, डी६; वजीर ई७; राजा जी८. तंतोतंत आरसा. फरक दोनच: काळ्याचा हत्ती आधीच डी८वर आहे, आणि खेळी काळ्याची आहे.

आता प्रत्येक मोहऱ्याने किती चाली घेतल्या ते लिहा.

पांढरा: प्याद्यांच्या ६ (डी४, ई३, सी४, डी×सी५, ए३, बी४), घोड्यांच्या २, काळ्या घरांच्या उंटाची १, पांढऱ्या घरांच्या उंटाच्या ३, वजिराच्या २, कॅसलिंग १. एकूण १५.

काळा: प्याद्यांच्या ६ (डी५, ई६, सी५, ए६, डी×सी४, बी५), घोड्यांच्या २, काळ्या घरांच्या उंटाच्या २, पांढऱ्या घरांच्या उंटाची १, वजिराची १, कॅसलिंग १. एकूण १३. शिवाय हत्ती डी८, म्हणजे १४.

तीच मांडणी उभारायला काळ्याला १३ चाली पुरल्या आणि पांढऱ्याला १५ लागल्या. एक चाल वजिराने घालवली (आधी डी२, मग ई२), एक उंटाने. पहिल्या खेळीचा मान पांढऱ्याचा असतो. इथे तो मान काळ्याकडे गेला आणि वर एक तयार हत्ती मिळाला.

ही मोजणी तुमच्या स्वतःच्या डावांवरही करा. बाराव्या-पंधराव्या चालीला थांबून प्रत्येक मोहऱ्यासमोर आकडा टाकायचा. दोन मिनिटांचे काम आहे. एकाच मोहऱ्यासमोर ३ दिसले की त्या तीन चालींपैकी कोणती टाळता आली असती, हा प्रश्न विचारा. एक खबरदारी: आकडा कमी म्हणजे स्थिती चांगली असे सरसकट होत नाही. बंद स्थितीत घोडा चार चाली फिरवून योग्य घरावर नेणे परवडते, कारण मधली प्यादी अडकलेली असतात आणि कोणाला घाई नसते. इथे सी आणि डी दोन्ही फाइल उघड्या आहेत. उघड्या पटावर प्रत्येक चालीचे मोल वाढते.

सममिती मोडायची ती आघाडीच्या बाजूने

आरशासारख्या स्थितीत आघाडी असली तरी थंडपणे खेळत राहिले तर ती विरते. समोरचाही हत्ती डी१वर आणेल आणि फरक मिटेल. म्हणून १५...घोडा ई५. चाल साधी दिसते, पण ती आत्ताच खेळायला हवी.

१६. घोडा ×ई५ उंट ×ई५ नंतर एफ३चा घोडा गेला. राजाच्या बाजूचा तोच मुख्य रखवालदार, एच२ला त्याचाच जोर होता. धमकी लगेच आहे: उंट ×एच२+, राजा ×एच२, वजीर डी६+ आणि नंतर वजीर ×डी३. डी३वर काळ्याच्या वजिरामागे डी८चा हत्ती उभा आहे, त्यामुळे शेवटी काळा एक प्यादे वर राहतो. म्हणजे त्या ‘एका जादा चालीने’, हत्ती डी८ने, दोनच चालींत वसुली सुरू केली.

रोटलेवीने १७. एफ४ने धमकी थांबवली. उंटावर हल्ला, वजीर-उंटाच्या कर्णाला आडकाठी, आणि पुढे ई४-ई५ची तयारी. चाल जोरदार वाटते. पण आता राजाचा जी१–ए७ कर्ण ई३च्या एकाच प्याद्यावर टिकून आहे, आणि १८. ई४ने तेही प्यादे बाजूला झाले. काळ्याने १८...हत्ती एसी८ करून शेवटचा मोहराही कामाला लावला. पांढऱ्याचे दोन्ही हत्ती मात्र फक्त ए१ आणि एफ१वर.

१९. ई५ आली आणि तीन गोष्टी एकदम घडल्या. बी७च्या उंटाचा कर्ण जी२पर्यंत उघडला. पांढऱ्याच्या बी२च्या उंटासमोर आता सी३च्या घोड्याबरोबर स्वतःचेच प्यादेही आले. आणि एफ६च्या घोड्याला हुसकावल्यामुळे तो हल्ल्याच्या घरावर, जी४वर, जायला मोकळा झाला. मधे १९...उंट बी६+ राजाला कोपऱ्यात ढकलतो, बी७च्या उंटाच्या थेट रेषेत.

प्यादे ढकलण्याआधी हात पटाबाहेर ठेवून विचारायचा प्रश्न असा: हे प्यादे गेल्यावर त्याने सोडलेल्या घरातून कोणता कर्ण जातो, आणि त्या कर्णाच्या टोकाला कोण बसले आहे? ई३ सोडताना उत्तर ‘जी१चा राजा’, ई४ सोडताना ‘जी२ आणि त्यामागे एच१’. दोन्ही वेळा राजाच. एफ४ ठीक होते असे धरले तरी ई-प्यादे पुढे ढकलण्याऐवजी १८. हत्ती एसी१ खेळून हत्तीला कामाला लावणे शहाणपणाचे होते.

बी७ आणि बी६ (किंवा सी५) असे दोन उंट आणि जी४वर घोडा, ही मांडणी डोळ्यात पक्की बसवून घ्या. ती पुन्हा पुन्हा भेटते. जानेवारी २०१३मध्ये वाइक आन झीच्या स्पर्धेत विश्वनाथन आनंदने लेवोन अरोनियनला काळ्या मोहऱ्यांनी २३ चालींत हरवले, तिथेही बी७चा उंट, सी५वर आलेला दुसरा उंट आणि जी४चा घोडा हीच यंत्रणा होती. ओपनिंग वेगळे होते, सेमी-स्लाव बचावाची मेरान शाखा. पण तिथेही काळा पांढऱ्याचे उंट डी३ होईपर्यंत थांबतो, मगच डी×सी४ आणि बी५ खेळतो. तोच नियम, तीच चाल कमावलेली. स्वतः आनंदने त्या डावानंतर रुबिन्स्टाइनच्या डावाची आठवण काढली होती.

बळी: ई४च्या घराचे दोन रखवालदार

२०...घोडा जी४ला वजिराने मारता येत नाही असे नाही. पण २१. वजीर ×जी४ हत्ती ×डी३, कारण ई२च्या वजिराचाच डी३ला जोर होता. वजिरावर दोन कामे पडली होती. मग हत्ती डी२वर उतरतो आणि पांढऱ्याचा खेळ कोसळतो.

२१. उंट ई४ ही सर्वात स्वाभाविक चाल. बी७च्या कर्णावर अडसर घातला. २१...वजीर एच४ने एच२वर मात करण्याची धमकी आली, आणि २२. जी३.

इथे काळ्याच्या बाजूने बसा, उत्तर झाकून ठेवा आणि पंधरा मिनिटे घ्या. शोधायची गोष्ट एकच: बी७चा उंट आणि एच१चा राजा यांच्या मध्ये फक्त ई४चा उंट आहे. त्याला जोर कोणाचा? सी३च्या घोड्याचा आणि ई२च्या वजिराचा. दोघांना हटवले की डाव संपला.

२२...हत्ती ×सी३ पहिल्याला काढतो. काळ्याचा वजीर माऱ्यातच राहतो. पांढऱ्याचे पर्याय एकेक करून पटावर खेळून पाहा:

२३. उंट ×सी३ उंट ×ई४+ २४. वजीर ×ई४ वजीर ×एच२ मात. वजीर ई२ सोडून गेला की एच२ उघडे पडते, आणि जी४चा घोडा काळ्या वजिराला जोर देतो.

२३. उंट ×बी७ हत्ती ×जी३. एच२चे प्यादे हत्तीला मारू शकत नाही, कारण त्याच्यामागे राजा आणि समोर वजीर आहे. २४. हत्ती एफ३ हत्ती ×एफ३ २५. उंट ×एफ३ घोडा एफ२+ आणि काळा जिंकतो.

बाविसाव्या चालीला जी३ऐवजी एच३ खेळले असते तर? तरीही २२...हत्ती ×सी३. २३. उंट ×बी७ला हत्ती ×एच३+ २४. जी×एच३ वजीर ×एच३+ २५. वजीर एच२ वजीर ×एच२ मात. आणि २३. उंट ×सी३ उंट ×ई४ २४. वजीर ×ई४ला वजीर जी३! एच२वर मात करण्याची धमकी, आणि २५. एच×जी४ला वजीर एच४ मात, कारण जी१ बी६च्या उंटाच्या ताब्यात आहे. हा शेवटचा नमुना वेगळा मांडून दोनदा खेळा. शांतपणे मागे येणारा वजीर घाईच्या नजरेला दिसत नाही.

डावात २३. जी×एच४ आले आणि दुसऱ्या रखवालदाराची पाळी: २३...हत्ती डी२! वजीर मारला तर ई४चा जोर जातो. न मारावा तर:

२४. उंट ×बी७ हत्ती ×ई२ २५. उंट जी२ हत्ती एच३! २६. उंट ×एच३ हत्ती ×एच२ मात.

२४. उंट ×सी३ हत्ती ×ई२, एच२वर मात येते आहे. २५. हत्ती एफ२ला उंट ×ई४+ आणि पांढरा तुटतो.

२४. वजीर ×जी४ उंट ×ई४+ २५. हत्ती एफ३ हत्ती ×एफ३, पुढे बचाव नाही.

डावात २४. वजीर ×डी२ उंट ×ई४+ २५. वजीर जी२ हत्ती एच३. हा हत्ती वजिराला मारता येत नाही, कारण वजीर ई४च्या उंटाने जागीच खिळला आहे. २६. वजीर ×ई४ला हत्ती ×एच२ मात. २६. हत्ती एफ३ला उंट ×एफ३ २७. वजीर ×एफ३ हत्ती ×एच२ मात. २६. हत्ती एफ२ला उंट ×एफ२ आणि पुन्हा एच२वर मात. या घडीला पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि एक उंट आहे. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट आणि एक घोडा. पांढऱ्याचा ए१चा हत्ती पूर्ण डावात एकदाही हलला नाही.

टाराश बचाव स्वतः खेळायचा असेल तर

जर्मन खेळाडू झीगबेर्ट टाराशच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव: १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ सी५. वरच्या डावासारखी ई३ची शांत मांडणी आजही भेटते, पण तयारीचा मोठा भाग दुसरीकडे जायला हवा: ४. सी×डी५ ई×डी५ ५. घोडा एफ३ घोडा सी६ ६. जी३ घोडा एफ६ ७. उंट जी२ उंट ई७ ८. कॅसलिंग कॅसलिंग. जी३ची ही योजना श्लेख्टर आणि रुबिन्स्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे टाराश बचावातला हा नामांकित विजय ज्याचा, त्यावरचा सर्वात कडक उपायही त्याच्याच नावाचा.

काळ्याला डी५वर एकटे प्यादे मिळते. त्याबदल्यात ई आणि सी फाइल, मोकळे उंट आणि ई४चे घर. हा सौदा सक्रिय खेळाचा आहे. मोहऱ्यांची अदलाबदल होत गेली की प्यादे कमजोर ठरते. म्हणून काळ्याने वजीर आणि हत्ती पटावर ठेवावेत, एक घोडा ई४च्या आसपास न्यावा आणि शक्य होताच डी४ ढकलावे. विश्वविजेतेपदाच्या १९६९च्या लढतीत स्पास्कीने पेट्रोस्यानविरुद्ध हा बचाव यशस्वीपणे वापरला. १९८४मध्ये कार्पोवने मात्र कास्पारोवला यात दोनदा हरवले. ज्याला एकट्या प्याद्याची राखण करत चाळीस चाली बसणे जमत नाही, त्याने हे मनाशी धरून मगच हा बचाव निवडावा.

सुरुवातीचा एक प्रश्न हमखास येतो: ५. डी×सी५. घाबरू नका. ५...डी४ ६. घोडा ए४ला ६...बी५! ७. सी×बी६ ए×बी६, आणि ए८चा हत्ती न हलता ए४च्या घोड्यावर मारा करू लागतो. प्यादे गेले, पण पांढऱ्याचा घोडा कडेला अडकला आणि उंट बी४+ कधीही येऊ शकतो.

वेळ कशी वाटायची

या एका डावाला तीन बैठका द्या. पहिल्या दिवशी डाव खेळून पाहणे आणि मोजणी, पाऊण तास. दुसऱ्या दिवशी काळ्याच्या चाली कागदाने झाकून दहाव्या चालीपासून अंदाज बांधणे: साध्या चालीला तीन मिनिटे, पण १५, २०, २२ आणि २३ या चालींना प्रत्येकी पंधरा. अंदाज लिहूनच झाकण सरकवायचे, नाहीतर ‘मला हेच सुचले होते’ असे मन फसवते. तिसऱ्या बैठकीत इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम). ते आधीच लावले तर आकडे दिसतात, कारणे दिसत नाहीत. इंजिनला विचारायचे ते नेमके: दहाव्या चालीला माझी पसंतीची चाल काय वाईट होती?

नव्वद मिनिटे आणि दर चालीला तीस सेकंदांची वाढ, अशा वेळेत खेळणार असाल तर पहिल्या दहा चालींवर दहा-बारा मिनिटांहून जास्त खर्च करू नका. पण प्याद्यांचा ताण सुटण्याच्या क्षणी, म्हणजे सी५ किंवा सी४वर मारायचे की थांबायचे हे ठरवताना, पाच मिनिटे जरूर बसा. चाल आधी पटावर खेळायची, मग लिहायची. आधी लिहून ठेवणे नियमात बसत नाही. आणि वरचे सगळे पर्याय तपासायचे ते मोहऱ्याला हात न लावता. उंट डी३ करायला उचललेला उंट डोळ्यासमोर डी×सी४ दिसल्यावर परत ठेवता येत नाही. हात लावला तो मोहरा हलवावाच लागतो.

सरावाला जोडीदार मिळाला तर १५. कॅसलिंग नंतरची स्थिती मांडा, काळ्याची खेळी, दोघांना पंचवीस-पंचवीस मिनिटे. एकदा काळा, एकदा पांढरा. पांढऱ्याने ठरवून घ्यावे की ई-प्यादे हलवायचे नाही, आणि हत्ती डी१ व सी१वर आणून टिकाव लागतो का ते पाहावे. दोन्ही डाव लिहून ठेवा आणि पंचविसाव्या चालीला पुन्हा मोहऱ्यांसमोर आकडे टाका.